परकोटापासून किती मीटर? (थ्रेड : लुक्काची तटबंदी, चांद्याचा परकोट आणि मार्कंड्याचे शिखर)

लुक्का हे इटलीच्या तोस्काना प्रांतातले लहानसे शहर. पिसाच्या विमानतळावर भाड्याने घेतलेली गाडी तटाबाहेरच्या वाहनतळावर उभी करून ते दोघे नवराबायको पहिल्याच सकाळी तटावर चढले. चार किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची ही तटबंदी सोळाव्या-सतराव्या शतकात उभी राहिली. ती अखंड आहे आणि इतकी रुंद की वर झाडांच्या दुतर्फा रांगा आहेत. एकोणिसाव्या शतकात तिचे उद्यान झाले. म्हातारी माणसे बाकांवर बसली होती, मुले सायकली फिरवत होती. त्याने फेरी पूर्ण केली आणि म्हटले, "आमच्या चांद्याचा परकोट याच्या दुपटीहून मोठा आहे."

ती सांगलीची. लग्नाला नऊ वर्षे झाली होती, चंद्रपूरला ती दहा-बारा वेळा जाऊन आली होती, आणि सासरच्या घरामागची ती काळवंडलेली भिंत तिने प्रत्येक वेळी पाहिली होती. तिने विचारले, "मग आपण त्याच्यावर एकदाही का चाललो नाही?"

त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याने विषय बदलला आणि लुक्काची एक गोष्ट सांगितली. या तटाला शत्रूचा वेढा कधी सोसावाच लागला नाही. त्याची खरी कसोटी लागली ती १८१२ साली, सेर्कियो नदीच्या पुरात. शहराचे दरवाजे बंद केले गेले, पाणी बाहेर अडले आणि त्या वेळची राज्यकर्ती, नेपोलियनची बहीण एलिसा, हिला म्हणे भिंतीवरून उचलून आत घ्यावे लागले. पठाणपुरा दरवाजापर्यंत आलेले इरईचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्या चंद्रपूरकरांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पुढचे दहा दिवस सिएना, फ्लोरेन्स, पादुआ, व्हेनिस असा प्रवास झाला. इटलीतल्या जुन्या शहरांत गाडीने हिंडताना एक फलक ओळखता यावा लागतो : पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ. ते मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र. आत स्थानिक परवानाधारकांच्याच गाड्या जातात, बाकीच्यांची छायाचित्रे कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस महिन्यांनंतर घरी येते. फ्लोरेन्समध्ये त्यांची एक कमान चुकलीच. ती नोटीस दिवाळीनंतर आली तेव्हा ते दोघे चंद्रपुरात होते, आणि जटपुरा दरवाजाच्या एका कमानीतून निघण्यासाठी रिक्षा, मोटारी, दुचाकी आणि दोन गायी यांच्यामागे अर्धा तास खोळंबले होते. दोघेही पोट धरून हसले. मागच्या आसनावर बसलेल्या बाबांना हसण्याचे कारण कळले नाही.

चंद्रपूरला ते सहलीसाठी आलेले नव्हते. विठोबा खिडकीजवळचे घर विकायचे होते. इसारपत्र गाडीच्या पुढच्या कप्प्यात होते, त्यावर फक्त बाबांची सही व्हायची होती.

घराची कहाणी कळण्यासाठी आधी परकोट कळला पाहिजे. चांदा ही गोंड राजांची राजधानी. कथा अशी की खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर न भरणाऱ्या गाठी आणि जखमा होत्या. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी प्याला, त्याच पाण्याने त्याने तोंड धुतले, आणि दुसऱ्या दिवशी जखमा भरून आल्या. ती जागा म्हणजे अंचलेश्वर. पुढे त्याच परिसरात एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. ज्या वाटेने ही उलटी शिकार फिरली, त्या वाटेने तट बांधावा असे राणीने सुचविले. काम काही पिढ्या चालले.

ससा कुत्र्याच्या मागे लागल्याची कथा भारतातल्या अनेक शहरांच्या स्थापनेला जोडलेली आढळते. तेव्हा ती इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. चांद्याच्या राजांची जी वंशावळ आणि सनावळी आज जागोजाग छापलेली दिसते, तिचा मोठा भाग १८६९च्या सुमारास जमाबंदी करणाऱ्या मेजर ल्यूसी-स्मिथ यांनी स्थानिक परंपरेतून गोळा केला. त्यातल्या सुरुवातीच्या सनांवर फार भार टाकता येत नाही. अबुल फझलच्या ऐन-ए-अकबरीत मात्र चांद्याचा राजा येतो, म्हणजे सोळाव्या शतकाअखेर हे राज्य दिल्लीच्या दप्तरात नोंदण्याइतके मोठे होते, एवढे निश्चित.

भिंत मात्र दंतकथा नाही. परीघ सुमारे अकरा किलोमीटर, उंची पंधरा-वीस फूट. चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. पाच खिडक्या : हनुमान, विठोबा, चोर, बगड, मसाण. खिडकी म्हणजे तटातली लहान वाट, माणसांपुरती. दरवाजांवर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. १७५१ साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला आणि चांदा इंग्रजांच्या ताब्यात आला. लुक्काच्या तटाला जे कधी भोगावे लागले नाही, ते या तटाने भोगले आहे.

यानंतर भिंतीचे मारेकरी बदलले. वड-पिंपळांनी चिरे फोडले, कोणी तटाला लागून घर बांधले, कोणी त्याच्यावर कचरा टाकला. २०१७ साली इथल्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडे हाती घेऊन बुरूज मोकळे करायला सुरुवात केली. दररोज सकाळी काही तास, शेकडो दिवस त्यांनी हे काम केले. आज तटाच्या काही भागावरून चालता येते ते त्यांच्यामुळे. पुण्यात राहणाऱ्या त्या मुलाने हे सारे वृत्तपत्रात वाचले होते. लुक्काहून परतल्यावर आपल्या शहराच्या तटाविषयी त्याने समाजमाध्यमावर अभिमानाने लिहिलेही होते.

बाबांनी ते वाचले होते. त्यांचे म्हणणे त्यांनी जेवताना सांगितले.

"तुह्या त्या गावात भिंतीपासून शंभर मीटरमंधी कोनी राहत नाही का रे?"

घर १९७१ सालचे. नगरपालिकेची रीतसर परवानगी घेऊन बांधलेले, कवेलूचे, मागे सांदवाडी आणि सांदवाडीमागे परकोट. मुले मोठी झाली तेव्हा बाबांनी वर एक खोली काढायचे ठरविले. पैसा साठविला, नकाशा काढला, तोवर नियम आला होता. चंद्रपूरचा परकोट केंद्र-संरक्षित स्मारक आहे. १६ जून १९९२च्या अधिसूचनेने अशा स्मारकाभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र ठरले. १९५८च्या मूळ कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन हे अंतर कायद्याच्याच अंगात बसले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम नाही. किल्ला एका टेकडीवर असेल तर या शंभर मीटरांत रान येते. चांद्याचा किल्ला म्हणजे अख्ख्या शहराला घातलेला पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंचे शंभर मीटर मोजले, तर गल्ल्याच्या गल्ल्या त्यात येतात.

खोली झाली नाही. थोरला भाऊ वेगळा राहायला गेला. मागच्या भिंतीला ओल धरली, कवेलू फुटले. एका कार्यालयात बाबांनी तीन खेपा घातल्या, तिथे त्यांना 'काहीच करता येणार नाही' एवढेच ऐकायला मिळाले. दलालाने आता जो भाव सांगितला होता तो जटपुऱ्याबाहेरच्या तसल्याच जागेच्या निम्माही नव्हता. आणि ज्या भिंतीने हे सारे केले, तिच्यावर मुलगा लेख लिहीत होता.

मुलाने कायद्याची बाजू मांडली. तो नसता तर परकोटाचे चिरे कधीच घरांच्या पायांत गेले असते, आणि थोडे गेलेही आहेत. त्याचे बोलणे खोटे नव्हते. पण ज्याच्या छताचा प्रश्न आहे त्याला ते ऐकवण्याची ती वेळ नव्हती, आणि हे त्याच्या बायकोच्या ध्यानात त्याच्याआधी आले. ती म्हणाली, "बाबा, उद्या मार्कंड्याला जाऊ. तुम्ही किती वर्षांत गेला नाही."

बाबा लहानपणी आईबरोबर महाशिवरात्रीच्या जत्रेला बैलगाडीने जात. नदीकाठी मुक्काम, डोंग्यातून पैलतीर, भाकरीबरोबर वाळूत भाजलेली वांगी. सत्तेचाळीस वर्षे झाली, असे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले.

चंद्रपूर ते मूल हा रस्ता जंगलातून जातो. चिचपल्लीच्या आसपास बांबू आणि साग, मधूनच 'वन्यप्राण्यांपासून सावध' असे फलक. मूलपासून धानाचा मुलूख सुरू होतो. कापणी चालू होती, बांधांवर भारे पडले होते, आणि दर दोन-चार मैलांवर मालगुजारांच्या काळातला एखादा तलाव चमकत होता. बाबा प्रत्येक तलावाचे नाव सांगत होते. सून ती नावे लिहून घेत होती. गाडी चालविणारा गप्प होता.

वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन तो निर्माण झाला, त्यामुळे बाबांच्या आठवणीतले मार्कंडा अजून चांदा जिल्ह्यातच आहे. चामोर्शी तालुक्यातले हे गाव वैनगंगेच्या काठी आहे. एरवी दक्षिणेकडे जाणारी, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होणारी ही नदी नेमकी इथे वळण घेऊन उत्तरेला वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ म्हणजे तीर्थ. काशीचे माहात्म्य त्याच गोष्टीत आहे. म्हणून मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात.

दुसरे नाव विदर्भाचे खजुराहो. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा पहिला प्रमुख खजुराहो आधीच पाहून आला होता. मार्कंड्याचा समूह त्याला आपण पाहिलेल्या सर्वांत रम्य आणि समृद्ध मंदिरसमूहांपैकी वाटला. तटाने वेढलेल्या आवारात एकेकाळी चोवीसच्या आसपास मंदिरे होती, आज त्यांतली थोडीच धड उभी आहेत. मार्कंडऋषी हे मुख्य मंदिर शिवाचे. त्याच्या बाह्यांगावर एकावर एक पट्ट्यांत देव, सुरसुंदरी, व्याल, हत्ती, हंस. जवळच मृकंडऋषीचे आणि यमधर्माचे मंदिर. अल्पायुषी मार्कंडेय सोळाव्या वर्षी लिंगाला मिठी मारून बसला, यमाने फास टाकला आणि शिवाने यमालाच दूर सारले, ही कथा सर्वश्रुत आहे. पराभूत यमालाही त्याच आवारात देऊळ देण्याचा मोठेपणा मात्र क्वचित आढळतो.

या मंदिरांना सर्रास 'हेमाडपंती' म्हटले जाते. तरुण वाचकांनी ही सवय सोडावी. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. मार्कंड्याची मुख्य मंदिरे त्याच्याआधीची आहेत, साधारण नवव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यानची. ती नेमक्या कोणत्या राजघराण्याच्या आश्रयाने उभी राहिली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रदेश मात्र ओसाड रान नव्हता. चंद्रपूरजवळच्या भांदकला, म्हणजे आजच्या भद्रावतीला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा ताम्रपट मिळाला आहे. तिथेच विजासनची बौद्ध लेणीही आहेत. वैनगंगेच्या वरच्या अंगाला पवनी इथे १९६९-७० च्या उत्खननात मोठे स्तूप उघडे झाले. या नदीच्या काठाने धर्म, व्यापारी आणि मूर्तिकार शतकानुशतके ये-जा करीत होते.

मुख्य मंदिरापाशी बाबा थांबले. शिखर जागेवर नव्हते.

ते आधीही पूर्ण नव्हते. कनिंगहॅमच्याही किती तरी आधी वीज पडून शिखराचा वरचा भाग महामंडपाच्या छतावर कोसळला होता. पुढे एका गोंड राजाने डागडुजी करून मंडप सावरून धरण्याचा प्रयत्न केला. ते काम ओबडधोबड होते म्हणून जुन्या अहवालांत त्याला नावे ठेवलेली आहेत. पण ज्या राजाचा हा संप्रदाय वारशाने आलेला नव्हता, ज्याच्यापाशी तसे कारागीर उरले नव्हते, त्याने पडते देऊळ पडू दिले नाही, हे त्या अहवालांनी अधिक ठळकपणे लिहायला हवे होते. गेल्या दशकात पुरातत्त्वीय दुरुस्तीसाठी शिखराचे दगड एकेक करून उतरविण्यात आले. ते पुन्हा रचायचे आहेत, आणि काम वर्षानुवर्षे चालले आहे. पायाडाशेजारी आवारात दगड मांडून ठेवले होते. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घातला होता.

बाबा त्या दगडांमधून हळूहळू फिरले. एका सुरसुंदरीच्या खांद्यावरचा आकडा त्यांनी वाकून वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुनेला विचारले, "बाई, हे पुन्हा तसंच होईल का?"

तिने व्हेनिसची गोष्ट सांगितली. संत मार्कच्या चौकातला घंटामिनार १४ जुलै १९०२ रोजी सकाळी सगळाच्या सगळा कोसळला. आधी तडे दिसले होते, चौक रिकामा केला होता, म्हणून एकही माणूस दगावला नाही. पुढे काय करायचे यावर मोठा वाद झाला. नवा, आधुनिक मिनार बांधावा असेही सुचविले गेले. शेवटी नगराने ठरविले : जसा होता तसा, जिथे होता तिथे. २५ एप्रिल १९१२ रोजी तो पुन्हा खुला झाला. दहा वर्षे लागली. त्याच्या पायथ्याशी असलेली सान्सोव्हिनोची देखणी मंडपिका मिनाराखाली चिरडली होती, तीही सापडलेल्या तुकड्यांतून पुन्हा जुळविली गेली. आणि पिसाचा कलता मनोरा? तो पाडला नाही, पण सावरण्यासाठी १९९० साली बंद केला तो थेट २००१च्या डिसेंबरात उघडला.

"दहा वर्षं," बाबा म्हणाले. "आनि तिथं राहनारे?"

या वेळी उत्तर मुलाने दिले. लुक्कात एक लंबवर्तुळाकार चौक आहे. मुळात ते रोमन रंगमंडल. त्याचे दगड लोकांनी नेले, उरलेल्या भिंतींवर घरे बांधली, आत भाज्या पिकविल्या, आणि एकोणिसाव्या शतकात मधली घरे काढून चौक मोकळा केला. भोवतालची घरे राहिली. आज त्या खिडक्यांत कपडे वाळत असतात. नियम तिथेही कडक आहेत, दरवाजाचा रंगसुद्धा मनाने बदलता येत नाही, पण छत गळले तर दुरुस्त करता येते. हे सांगताना त्याचाच आवाज खाली गेला. दुपारी जेवताना आपण हे विचारलेच नव्हते, की इथे काय करता येते आणि काय नाही. आपण फक्त भिंतीची बाजू घेतली.

परतीच्या वाटेवर मूलला चहासाठी थांबले. चहा येईपर्यंत तिने फोनवर कायदा उघडला आणि कलम २०-क मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगितला. प्रतिबंधित क्षेत्रात जे घर १६ जून १९९२ पूर्वीपासून आहे, त्याच्या मालकाला दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी परवानगी मागता येते. वर मजला नाही, नवी खोली नाही. पण ओल धरलेली भिंत आणि फुटके छत यांच्यासाठी अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे.

बाबांनी दोनदा वाचायला लावले. "दुरुस्ती म्हंजे कवेलू काढून पत्रे नाही टाकायचे?"

"ते विचारावं लागेल," ती म्हणाली. "आणि घर बांधल्याच्या परवानगीचा कागद लागेल."

"हाय," बाबा म्हणाले. "पत्र्याच्या पेटीत हाय. एकाहत्तरचा."

इसारपत्राचा विषय त्या संध्याकाळी कोणी काढला नाही. मुलाने गाडी बंद करताना ते कप्प्यातून काढून खिशात ठेवले, एवढेच. घर विकणे चूक ठरले असते असे नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने ओलीच्या भिंतीजवळ का राहावे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही तसाच होता. थोरल्या भावाचे म्हणणे वेगळे होते आणि त्याचा फोन रात्री येणार होता.

अर्जात एक माहिती द्यावी लागते : स्मारकापासून बांधकामाचे अंतर. पन्नास वर्षे भिंतीला पाठ लावून राहिलेल्या त्या घरात ते कोणालाही ठाऊक नव्हते. सकाळी शेजारच्या गवंड्याकडून लांब टेप मागून आणला. बाबा सांदवाडीतून काटेरी कुंपण ओलांडून परकोटापाशी गेले, उगवलेल्या पिंपळाची एक फांदी बाजूला केली, तळातल्या चिऱ्यावर टेपचे टोक अंगठ्याने दाबून धरले आणि मुलाला हाक मारली, "धरलं. जा आता मागं."